ताजा कलमात दडलेली तक्रार

प्रिय ताई,

मी डोंबिवलीची. अंधेरीतल्या एका खाजगी मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये एमएमएस (मॅनेजमेंटची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी) करतेय, आता दुसरी सेम चालू आहे. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, मेरिटवर सीट मिळाली, तेव्हा बाबांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. त्यामुळे आता घरी तोंड उघडायची सोय नाही.

सकाळी सातची लोकल पकडते. घाटकोपरला मेट्रोच्या चेकिंगच्या रांगेत उभी असते तेव्हा ग्रुपवर मेसेज पडतो की नऊचं लेक्चर कॅन्सल. पुढचं थेट दीडला. निम्मे सर व्हिजिटिंग, आले तर आले. आठवड्याचं टाइमटेबल रविवारी रात्री अकराला येतं. शनिवारी गेस्ट लेक्चरला ब्लेझर घालून बसायचं. ब्लेझर त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचा, पावती मागायची नाही. हजेरी कमी भरली की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, पण लेक्चरच झालं नाही त्याची हजेरी लागणार कुठून? ऑफिसमधल्या मॅडम आम्ही उसने पैसे मागायला आल्यासारख्या बोलतात. कोऑर्डिनेटर सर तर वर्गात म्हणाले, ‘इंटरनल्स आमच्या हातात आहेत, लक्षात ठेवा.’ इंटरनल्स म्हणजे कॉलेजनेच द्यायचे अंतर्गत मार्क. माहितीपत्रकात शंभर टक्के प्लेसमेंट छापलंय आणि सीनियर्सना मिळाल्या त्या इन्शुरन्स विकायच्या नोकऱ्या. आम्हाला ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवणाऱ्यांना साधे परीक्षेचे फॉर्म वेळेवर घेता येत नाहीत.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. नवीन ॲडमिशन्सच्या तोंडावर इन्स्टावर रील टाकून सगळं बाहेर काढायचं चाललंय. एक जण म्हणतो ग्राहक मंचात जाऊ. आई म्हणते, दोन वर्षं गुपचूप काढ आणि डिग्री घे. मला वाटतं सोडूनच द्यावं. काय करू?

– वैतागलेली

ता. क. मी ओबीसी आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. मुलींना फी माफ आहे म्हणतात, पण ॲडमिशनच्या वेळी कॉलेजने पूर्ण फी भरून घेतली. महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की परत देऊ म्हणाले होते. अजून काही नाही.

*

प्रिय वैतागलेली,

तुझ्या पत्रातली सगळ्यात भक्कम तक्रार तू ता. क. म्हणून शेवटी टाकलीस, तीही जाता जाता. ऑफिसातल्या मॅडमचा स्वर, ब्लेझर, कोऑर्डिनेटरची धमकी यांवर मात्र अख्खं पान खर्च केलंस. याचं नवल नाही, अपमान आधी आठवतो. पण कॉलेजशी भांडायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागेल. जिथे कागद आहे तिथून सुरुवात करायची. जिथे नुसता संताप आहे ते मागे ठेवायचं.

म्हणून आधी फीचं बोलू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत आहे. त्याआधी ती पन्नास टक्के होती. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. तू लिहिलंस त्यावरून तू दोन्ही अटींत बसतेस. ‘आधी भरा, मग परत देऊ’ ही पद्धत इतकी रुळलीय की मुलींना तो नियमच वाटतो. पात्र मुलींकडून ही रक्कम आगाऊ घेऊ नका, असं सरकारने कॉलेजांना बजावलेलं आहे.

आज रात्री एक काम कर. महाडीबीटीवर लॉगिन कर आणि तुझा अर्ज कुठल्या पायरीवर आहे ते बघ. अर्ज आधी संस्थेकडे जातो, तिथून पुढे विभागाकडे. तो अजून संस्थेच्याच पातळीवर पडून असेल, तर ‘सरकारकडून पैसे आले नाहीत’ हे उत्तर फिजूल आहे, कारण त्यांनी तुझा अर्ज पुढे पाठवलेलाच नाही. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेव. अर्ज भरलाच नसशील, किंवा एखादा दाखला कमी म्हणून तो तुझ्याकडेच परत आला असेल, तर कॉलेजकडे जायच्या आधी तेवढं दुरुस्त कर. उत्पन्नाचा दाखला आणि जात प्रमाणपत्र यांवर अर्ज हमखास अडकतात. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तरी पैसे लटकतात.

मग फीच्या पावत्या काढ. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांची फी २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि संस्थेनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. तुझ्या कॉलेजचा आकडा बघ आणि पावतीशी ताडून पाहा. ‘इतर’ किंवा ‘ॲक्टिव्हिटी’ अशा मोघम नावाखाली काय काय घुसवलंय ते तिथे कळेल. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेतलं असेल तर त्याची तक्रार त्याच प्राधिकरणाकडे करता येते. ब्लेझरचं प्रकरणही इथेच येतं, पण पावती नसल्यामुळे ते लंगडं आहे. यापुढे एक रुपयाही रोख आणि बिनपावतीचा द्यायचा नाही. दिलाच तर यूपीआयने दे, म्हणजे नोंद तरी राहील.

आता अर्ज. तोंडी विचारलेल्याला ऑफिसमध्ये काडीची किंमत नसते, हे तू अनुभवतेच आहेस. डायरेक्टरांच्या नावे अर्ज लिही. विषय, ‘शिक्षण शुल्क सवलतीची रक्कम परत मिळणेबाबत’. खाली चार वाक्यं पुरेत. अमुक तारखेला अमुक रक्कम भरली, पावती क्रमांक अमुक. महाडीबीटी अर्ज क्रमांक अमुक, आजची स्थिती अमुक. सदर शुल्क कोणत्या नियमाखाली घेतलं आणि ते कधी परत मिळेल हे लेखी कळवावं. ‘अन्याय’, ‘लूट’, ‘मानसिक त्रास’ हे शब्द मोह झाला तरी घालू नकोस. त्यांनी अर्जाला वजन येत नाही, उलट समोरच्याला तुझ्या भाषेवर बोट ठेवायची आयती संधी मिळते. दोन प्रती काढ, एक दे आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घे. पोच द्यायला का कू केलं तर वाद घालू नकोस. तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि वर स्पीड पोस्टानेही टाक.

याच कामासाठी बाबांना सांग. पेढे वाटले म्हणून त्यांच्यापासून लपवतेयस, पण ती फी त्यांच्या खिशातून गेलीय, त्यांना कळायलाच हवं. शिवाय कॉलेज ऑफिसचा एक अलिखित कायदा असा की जी खिडकी मुलीसाठी ‘लंच टाइम’ असते, ती फाइल घेऊन आलेल्या बापासाठी उघडते. असं व्हायला नको, पण होतं.

लेक्चरचं प्रकरण वेगळं आहे, ते एकटीने करायचं नाही. तिथे वर्ग लागतो. पण त्याआधी नोंद लागते. ‘लेक्चर्स होतच नाहीत’ असं म्हणालात तर डायरेक्टर म्हणतील, ‘एखाद-दुसरं रद्द होतं, सगळीकडेच होतं.’ म्हणून महिनाभर एक साधी शीट ठेवा. तारीख, विषय, ठरलेली वेळ, झालं की नाही, आणि रद्द झाल्याचा मेसेज किती वाजता आला. घाटकोपरच्या रांगेत येणारा तो मेसेज, त्याच्यावरच्या वेळेसकट, तुझा पुरावा आहे. तो डिलीट करू नकोस, ग्रुपमधून बाहेरही पडू नकोस.

त्याच्या जोडीला कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ शोध. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या संस्थेला ते जाहीर करावंच लागतं, आणि त्यात पूर्णवेळ प्राध्यापकांची यादी असते. ती यादी वर्गात मोठ्याने वाचा. तुम्ही कधी तोंडही न पाहिलेली नावं त्यात निघाली, तर ब्लेझर आणि ऑफिसच्या मॅडम विसरून जा, मुद्दा तो आहे. मान्यता त्या नावांच्या जोरावर मिळते आणि शिकवायला मात्र व्हिजिटिंग येतात, किंवा येत नाहीत.

व्हिजिटिंगवाल्यांवर फार चिडू नकोस. ही माणसं दिवसा बीकेसी किंवा लोअर परळला नोकरी करतात आणि लेक्चरमागे मानधन घेतात. ते मानधन वेळेत मिळतं का, हे त्यांच्यातल्या बऱ्यापैकी बोलणाऱ्या एखाद्या सरांना चहावर विचारून बघ. पुष्कळदा रद्द लेक्चरचं मूळ ट्रस्टच्या हिशेबात असतं. प्रोफेसर बेफिकीर असतातच असं नाही. हे कळलं तर वर्गाच्या अर्जातली मागणीही बदलते.

मागणी लहान आणि मोजता येईल अशी ठेवा. ‘शिक्षणाचा दर्जा सुधारावा’ ही मागणी कोणीही आनंदाने मान्य करील, कारण ती पाळली की नाही ते कधीच कळत नाही. त्यापेक्षा मागा की आठवड्याचं टाइमटेबल शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळावं. लेक्चर रद्द असेल तर आदल्या रात्रीपर्यंत कळवावं. रद्द झालेली लेक्चर्स कोणत्या तारखांना भरून काढणार ते लेखी द्यावं. आणि हजेरीची टक्केवारी प्रत्यक्ष झालेल्या लेक्चर्सवर काढावी, तीही किती लेक्चर्स झाली तो आकडा दाखवून. सह्या रोल नंबरच्या क्रमाने घ्या, म्हणजे पुढारी कोण हे कागदावरून कळत नाही. सीआरलाही (वर्गप्रतिनिधीलाही) सही करायला लावा. तो डायरेक्टरांच्या एसी केबिनमध्ये बसून आलाय, म्हणून बिचकेल. पण बाकी वर्गाने केली की त्याला न करून चालणार नाही.

यावर काहीच झालं नाही तर? यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम एप्रिल २०२३ मध्ये आले. त्यांत तक्रार कशाला म्हणायचं याची यादी आहे. माहितीपत्रकात सांगितल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, शिष्यवृत्ती रखडवणं, माहितीपत्रकात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणं आणि प्रवेशाच्या वेळी कबूल केलेलं दर्जेदार शिक्षण न देणं, हे सगळं त्यात आहे. तुझं निम्मं पत्र त्या यादीत बसतं. कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. हे पद निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशांकडे असतं. त्यांनी अपील ३० दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे.

समितीत बसलेले लोक कॉलेजचेच असतात, तेव्हा तिथे चमत्कार होईल अशी आशा धरू नकोस. पण त्या दारातून गेल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. आणि हेही लक्षात ठेव की तक्रार खोटी किंवा फालतू निघाली तर तक्रार करणाऱ्यावर कारवाईची शिफारस करायचा अधिकार लोकपालाला आहे. म्हणूनच मी शीट आणि पोच यांच्या मागे लागलेय. (तुझी एखादी मैत्रीण पीजीडीएम या मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला असेल तर तिला हे जसंच्या तसं सांगू नकोस. त्या संस्था विद्यापीठाशी संलग्न नसतात, त्यांना एआयसीटीईकडे जावं लागतं.)

इंटरनल्सची भीती खरी आहे, आई म्हणते ते काही अगदीच चूक नाही. चाळीस मार्क त्यांच्या हातात असतात आणि नुसते मार्क कमी पडले म्हणून लोकपाल दखल घेत नाही. निकालावर परिणाम करणारी ठळक गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. त्यावर उपाय दोन. एक, सह्या सगळ्या वर्गाच्या असल्या की सगळ्या वर्गाला कमी मार्क देणं कोणाला परवडत नाही, तो निकाल कॉलेजलाच जाहिरातीत दाखवायचा असतो. दुसरा, प्रत्येक विषयाला हे चाळीस मार्क कशाकशाचे, हे सेमच्या सुरुवातीलाच ईमेलवर विचारून घ्यायचं. असाइनमेंटही ईमेलनेच द्यायची. तेवढं केलंत तर धमकीत फार जीव राहत नाही.

प्लेसमेंटचं मात्र मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. ‘शंभर टक्के’ हा आकडा बहुतेक ठिकाणी प्लेसमेंटसाठी नोंदणी केलेल्या आणि ‘पात्र’ ठरवलेल्या मुलांपैकी असतो, अख्ख्या बॅचपैकी नसतो. सरासरी पॅकेजही तसंच फसवं. दहा मुलांपैकी नऊ जणांना चार-चार लाख आणि एकाला चोवीस लाख मिळाले तर सरासरी सहा लाख येते, पण सहा लाख कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून मीडियन, म्हणजे सगळी पॅकेजं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारायचा, आणि बॅचमध्ये किती, नोंदणी किती, ऑफर किती हे आकडे वेगवेगळे मागायचे. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात तुम्ही हे शिकलाच असाल. त्या माहितीपत्रकाचे फोटो आणि संकेतस्थळाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, नवीन ॲडमिशनच्या आधी मजकूर बदलायची दाट शक्यता आहे.

हे सगळं झालं तरी या मुद्द्यावर लढाई लढू नकोस. जिंकलीस तरी हाती काय लागणार? कॉलेज फार तर जाहिरातीतलं एक वाक्य काढून टाकील. मे-जूनमध्ये तुझी समर इंटर्नशिप आहे, ती दोन महिन्यांची असते आणि कॉलेजच्या नावापेक्षा ती तुझ्या कामाला येईल. प्लेसमेंट सेलने दिलेली घ्यायचीच असं नाही. सीनियर्समधले जे पाच-सहा जण कॉलेजच्या मदतीशिवाय बरी नोकरी मिळवून बसलेत त्यांना गाठ, कसं जमवलं ते विचार. आणि इन्शुरन्स विकण्याला नाक मुरडू नकोस. मुंबईतल्या पुष्कळ मोठ्या मार्केटिंगवाल्यांनी सुरुवातीला चपला झिजवल्यात. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून बोलावून टार्गेट हातात देणं ही फसवणूक आहे, पण काम हलकं नाही.

आता रील. माझं मत, नको. बदनामीचा दावा वगैरे धाक आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. रीलमध्ये तुम्ही सगळे पत्ते एका मिनिटात उघडे करणार, कॉलेज दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ साफ करणार, आणि चार दिवसांनी लोक पुढच्या रीलवर जाणार. वर सीव्हीवर त्याच कॉलेजचं नाव तुम्हालाच लावायचंय. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने घाईघाईत ऑनस्क्रीन पेपर तपासणी आणली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, ते तू शाळेत असताना झालं. तेव्हाही मुलांनी सोशल मीडियावर रान उठवलं होतं. पण निकाल ४५ दिवसांच्या आत लागलाच पाहिजे हे कायद्यात लिहिलेलं होतं, त्यामुळे विद्यापीठाला पळवाट उरली नाही. अखेर कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तुमच्याकडेही तसं बोट ठेवायला काहीतरी आहे, फीचा शासन निर्णय आणि ती शीट. एखादी ज्युनियर स्वतःहून फोन करून विचारील, तर तिला मात्र खरं सांग, अगदी ब्लेझरसकट.

ग्राहक मंचाचा नाद सोडा. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ धरायची की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टात खल चाललाय, आणि राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांच्या बाजूने कौल दिलाय. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. माहिती अधिकार मात्र लक्षात ठेवा. खाजगी कॉलेजला तो थेट लागू होईलच असं नाही, पण विद्यापीठ, तंत्रशिक्षण संचालनालय आणि शुल्क नियामक प्राधिकरण यांना लागू आहे, आणि तुमच्या कॉलेजने त्यांच्याकडे काय काय लिहून दिलंय ते १० रुपयांत मागता येतं. प्राध्यापकांची यादी तिथूनही मिळू शकेल.

ऑफिसच्या मॅडमबद्दल एवढंच सांगते. त्यांच्या हातात काहीही नाही. शंभर मुलं दिवसभर ज्याबद्दल ओरडतात त्यातलं एकही त्यांनी ठरवलेलं नसतं. त्यांच्याशी भांडण्यात सकाळ घालवू नकोस. पोच देणार त्याच आहेत, तेव्हा गोड बोल.

राहिलं सोडण्याचं. दुसऱ्या सेममध्ये सोडलंस तर वर्षाची फी बुडाली असं धरून चाल, आणि सवलतीचा तुझा दावाही अर्धवट लोंबकळेल. आधी ते पैसे मोकळे करून घे, दुसऱ्या सेमची परीक्षा दे, इंटर्नशिप कर. एवढं करूनही जूनमध्ये मन उठलेलंच असेल तर मला पुन्हा लिही, तेव्हा मी ‘थांब’ म्हणणार नाही. बाहेर पडायची वेळ आलीच तर मूळ मार्कशीट आणि दाखले अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही, हे ध्यानात ठेव. आणि परीक्षेचा फॉर्म पहिल्याच दिवशी रांग लावून भर. उशीर त्यांचा असला तरी लेट फी ते तुझ्याकडूनच घेतील.

– तुझी ताई